दोनचा लॉग
दोनचा लॉग ०.३०१०. साताऱ्यात अकरावीला पाठ झालेला हा आकडा अजून जिभेवर आहे. क्लार्कच्या टेबलांचं पुस्तक थोरल्या भावाचं. मीन डिफरन्सच्या रकान्यांवर त्याच्याच पेन्सिलीच्या खुणा. गुणाकाराची बेरीज करायची, अँटिलॉग काढायचा आणि मोकळं व्हायचं.

संख्याशास्त्राकडे वळलो ते पां. वा. सुखात्म्यांमुळे. १९११ साली आमच्याच जिल्ह्यातल्या बुधला जन्मलेला माणूस लंडनला पीएच.डी. करतो आणि पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग सांभाळतो, हे मास्तरांनी सांगितलं आणि काम झालं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केलं, नोकरी सांगलीत लागली.

तिथे लॉग पुन्हा भेटला, हळदीच्या सौद्यात. क्विंटलचा भाव समजा ५००० वरून १०,००० झाला, तर वाढ शंभर टक्के. परत ५००० वर आला, तर घट मात्र पन्नासच टक्के! शेतकरी तर होता तिथेच. लॉग घ्या: चढताना अधिक ०.३०१०, उतरताना उणे ०.३०१०. हिशेब चुकता. वित्तीय अर्थमितीतला 'परतावा' म्हणजे हीच वजाबाकी (पाया तेवढा दहाचा नसतो), आणि पुढचा सगळा डोलारा तिच्यावर.

भाव शांत असले की काही दिवस शांतच राहतात, उसळले की उसळतच राहतात. रॉबर्ट एंगल यांनी हे १९८२ मध्ये समीकरणात बसवलं आणि २००३ मध्ये नोबेल मिळवलं. जुन्या अडत्यांना ते समीकरणावाचून ठाऊक होतं. २०१० मध्ये हळद भडकली आणि पुढच्या दोन वर्षांत आपटली, तेव्हा वर्गातल्या हळदवाल्यांच्या पोरांना एंगल शिकवावा लागला नाही.

माझं मत विचाराल तर, सरासरी भाव शेतकऱ्याच्या फारशा कामाचा नाही. माल आज काढायचा की ठेवायचा, हे ठरतं भाव किती हेलकावणार यावर. आमची पाठ्यपुस्तकं मात्र अजून न्यूयॉर्कच्या शेअरांवरच उदाहरणं सोडवतात. बाजार समितीचे रोजचे भाव कुणालाही मिळतात. तेव्हा तरुण सहकाऱ्यांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला राजापुरी हळद घ्या.