तुझ्यापुरतं ठेव

ज्याचे तारुण्य पालघर-बोईसरच्या पट्ट्यात गेले, त्याच्या कानाला 'गळती' हा शब्द निरुपद्रवी वाटणे शक्य नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गळती म्हणजे वायूची गळती. आधी डोळे चुरचुरतात, मग घशाला जळजळ होते आणि मग लोक एकमेकांना विचारू लागतात, की आज कुठल्या कारखान्यात? त्यामुळे 'अमक्याची नवी गाणी प्रकाशनापूर्वीच लीक झाली' अशी बातमी वाचली, की माझ्या मनात प्रथम तोच वास येतो.

या घटनेला मराठीत एकच एक शब्द नाही. प्रश्नपत्रिका फुटते, बातमी फुटते, छप्पर गळते, धरण झिरपते. फुटण्यात फितुरी आहे, गळण्यात हयगय आहे आणि झिरपण्यात केवळ काळ आहे. गाण्याच्या बाबतीत यांपैकी कोणते क्रियापद वापरावे? प्रश्न व्याकरणाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण एकदा माझ्याच हातून एक गाणे बाहेर गेले. ते फुटले, गळले की झिरपले, याचा निवाडा मला गेल्या तीस वर्षांत करता आलेला नाही.

माझे काका तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्यात नोकरीला होते. घर पालघरला, रेल्वेमार्गाला जवळजवळ खेटून. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी. काका पाळीप्रमाणे शटलने उमरोळीवरून बोईसरला जात आणि उरलेला वेळ गाणे ऐकत. अणुऊर्जा केंद्रामुळे तारापूरच्या वसाहतीत देशभरातून माणसे आलेली होती. त्यांत गाण्याचे वेडे होतेच, आणि त्यांच्यात ध्वनिफितींची देवघेव चाले. दुर्मीळ बैठकीची फीत हे तिथले चलन होते. आपल्याजवळ देण्यासारखे काही असल्याशिवाय घेण्यासारखे काही मिळत नसे. प्रत्येक फीत एकाच वाक्यासह हातात पडे : "तुझ्यापुरतं ठेव."

१९९२च्या जानेवारीत काकांच्या घरी एक बाई उतरल्या होत्या. त्यांचे नाव मी लिहीत नाही. कारण पुढे येईल. मोठ्या परंपरेत शिकलेल्या, पण नावाचा गाजावाजा न झालेल्या. केळव्याला कुणाच्या लग्नाला आल्या होत्या, रात्री परतणे जमले नाही. जेवणे झाल्यावर दहाबारा माणसांसमोर त्या गायला बसल्या. काकांच्या कारखान्यातले एक सहकारी तबल्याला होते. काकांनी रेकॉर्डर लावला तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. पण एक नवी, स्वतः बांधलेली बंदिश सुरू करण्याआधी त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे अजून बसलेलं नाही. गाऊन बघते. तुमच्यापुरतं ठेवा हं, कुणाला देऊ नका."

मी एकोणीस वर्षांचा होतो. ती बंदिश ऐकताना अंगावर काटा आला, एवढेच आठवते. अंतरा त्यांनी एकदाच म्हटला. त्याच्या दुसऱ्या ओळीवर त्या आल्या आणि नेमकी तेव्हा न थांबणारी एक मेल घराशेजारून शिट्टी देत गेली. एक शब्द त्या शिट्टीखाली गेला. बाई हसल्या आणि स्थायीवर परत आल्या. थोड्याच वेळात नव्वद मिनिटांच्या फितीची बाजू संपली.

काकांनी तीन वर्षे शब्द पाळला. मी पाळला नाही. १९९५ साली पुण्यात संगीत शिकणारा माझा एक मित्र सुट्टीत आला होता. त्याच्यासमोर मला फुशारकी मारायची होती, हे तर खरेच. पण तेवढेच नव्हते. एवढे सुंदर काहीतरी आपण दोघा-तिघांनीच ऐकलेले आहे, हे मला सहन होत नव्हते. रसिकाचे प्रेम फार काळ एकट्याने राहू शकत नाही, त्याला साक्षीदार लागतो. काका रात्रपाळीला असताना मी दोन खणांच्या यंत्रावर प्रत काढली. मूळ कोणाचे ते कळू नये म्हणून तिच्या चिठ्ठीवर काहीही लिहिले नाही. बाईंचे नाव नाही, गावाचे नाही, तारीखसुद्धा नाही. मित्राला ती देताना म्हणालो, "तुझ्यापुरतं ठेव."

गाणी बाहेर कशी जातात, याचे उत्तर बहुतेक वेळा इतके घरगुती असते. चोर क्वचितच बाहेरचा असतो. ध्वनिक्षेपणाच्या मेजावर बसलेला तंत्रज्ञ, साथीदार, शिष्य, यजमानाचा पुतण्या, म्हणजे ज्यांच्यावर भरवसा ठेवल्यावाचून गाणे होऊच शकत नाही अशीच ही माणसे. पाश्चात्त्य जगातही याहून फार निराळे घडले नाही. बॉब डिलनने १९६७ साली आपल्या साथीदारांबरोबर एका घराच्या तळघरात बरीच गाणी मुद्रित केली. ती प्रकाशनासाठी नव्हती. इतर गायकांनी गावीत म्हणून काहींच्या प्रती संगीतव्यवसायात फिरवल्या गेल्या. त्या प्रतींतून काही गाणी सुटली आणि १९६९ साली कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातल्या एका अनधिकृत तबकडीवर आली. अधिकृत संग्रह आला तो १९७५ साली. त्या पांढऱ्या वेष्टनाविषयी वाचले तेव्हा मला माझी कोरी चिठ्ठी आठवली.

आणि आपल्याकडे तर यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले आहे. ग्वाल्हेर दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी पडद्याआड बसून बडे महंमद खाँ यांची गायकी उचलली, अशी कथा सांगितली जाते. ग्वाल्हेर गायकीचा गौरव करताना आपण ती कौतुकाने सांगतो; बडे महंमद खाँ यांना काय वाटले असेल, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. पंडित भातखंड्यांनी उस्तादांच्या घरांत कडीकुलपात असलेल्या शेकडो चिजा चिकाटीने मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. आज कुठल्याही विद्यापीठातला संगीताचा विद्यार्थी त्या उघड्या खजिन्यावर वाढतो. दुसऱ्या टोकाला अल्लादिया खाँसाहेब आहेत. १९४६ साली ते गेले आणि त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. अन्नपूर्णादेवींनी तर सहाव्या दशकानंतर जाहीर वादनच सोडले. २०१८ साली त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे सूरबहार आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे ते खासगी, हातोहात फिरलेल्या मुद्रणांतूनच. तारापूर वसाहतीतल्या एका बंगाली अभियंत्याकडे असलेली तसली एक फीत मीही ऐकली होती. वाद्यापेक्षा खरखर जास्त होती, तरी ऐकताना श्वास रोखला गेला होता. ज्याने ती मुद्रणे बाहेर काढली त्याचा मी ऋणी आहे. आणि ज्या स्त्रीने न ऐकवण्याचा निर्णय घेतला होता, तिच्या निर्णयाचे काय, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

कायद्याला या प्रश्नाची जाणीव उशिरा झाली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गायका-वादकाचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. त्यात एक सवलत आहे : मुद्रण करणाऱ्याने केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी ते केले, तर तो भंग नव्हे. मला या तरतुदीची गंमत वाटते. बाईंनी जे वाक्य उच्चारले होते, तेच कायद्याच्या भाषेत तिथे आहे. तुमच्यापुरतं ठेवा.

२००३ साली दादरला एका छोट्या सभागृहात मी गाणे ऐकायला गेलो होतो. एका तरुण गायिकेने मध्यंतरानंतर एक बंदिश सुरू केली आणि पहिल्या आवर्तनातच मी ताठ झालो. ती तीच होती. अंतऱ्याची दुसरी ओळ आली. शिट्टीखाली गेलेल्या जागी तिने 'सजन' असा शब्द घातला होता. अर्थाला तो धड जुळत नव्हता, मात्रांना मात्र जुळत होता. निवेदिकेने आधी सांगितले होते, 'एक पारंपरिक बंदिश'.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे सालोमालो आठवेल. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. पण सालोमालोने निदान कुठलेतरी नाव घातले! मी काय केले होते? पकडले जाऊ नये म्हणून चिठ्ठी कोरी ठेवली होती. गाणे चिठ्ठीविना हातोहात गेले आणि वाटेत कुठेतरी 'पारंपरिक' झाले. बाहेर जाताना गाण्याचे स्वर फारसे हरवत नाहीत, असे मला आता वाटते. हरवते ते नाव, तारीख आणि 'हे अजून बसलेलं नाही' हे वाक्य. जे गाऊन बघणे होते, ते गाणे ठरले. बाई तेव्हा हयात होत्या. मी त्यांना कळवले नाही, त्या गायिकेलाही भेटलो नाही. कळवायचे तर आधी कबूल करावे लागले असते. विरारपर्यंत लोकल आणि पुढे शटल, असा निमूट घरी आलो. दोन वर्षांनी बाई वारल्या.

२००८ साली ते मुद्रण आंतरजालावर आले. घरातल्या एका मुलाने काही शोधताना ते लावले आणि काका आतल्या खोलीतून बाहेर आले. अनेक प्रतींमधून गेल्यामुळे फितीचा वेग वाढला होता. बाईंचा षड्ज चांगला अर्ध्या स्वराने चढला होता. काका उभ्यानेच ऐकत राहिले. शिट्टी आली, तीही तेवढीच चढलेली. काका म्हणाले, "ही आपली गाडी."

मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "किती जणांना दिलीस?"

"एकालाच, काका."

"हं. प्रत्येकानं एकालाच दिली असेल."

ते एवढेच बोलले. रागावले असते तर बरे झाले असते. मी विचारले, की त्या जागी शब्द कोणता होता, तुम्हांला आठवतो का? काका तेव्हा बाईंच्या अगदी पुढ्यात बसले होते. त्यांनी शब्द सांगितला. तो बाईंची मुद्रा होती. सदारंगाच्या चिजांत 'सदारंग' येते, फैयाज खाँसाहेबांच्या बंदिशींत 'प्रेमपिया' येते, अभंगात 'तुका म्हणे' येते, तसे रचनेत गुंफलेले त्यांचे टोपणनाव. चिठ्ठीवरचे नाव मी पुसले होते. बंदिशीतले त्या रात्रीच्या मेलने पुसले होते. शब्द सांगून काका म्हणाले, "हे तरी तुझ्यापुरतं ठेव."

२०१२ साली काका गेले. तो शब्द मी ठेवला. वर्गात शिकवताना मुद्रिकेचा विषय निघाला, की तो ओठांवर येई आणि मी दुसरे उदाहरण देई. दरम्यान ती बंदिश 'सजन'सकट आणखी काही जणांकडून ऐकली. पुढे पुढे शंका येऊ लागली : हे गप्प राहणे म्हणजे वचन पाळणे, की पहिल्यासारखीच फुशारकी, फक्त आता कोणाला न सांगता केलेली? ज्यांचे नाव हरवले त्यांना ते परत मिळवून देण्याऐवजी मी ते कुलूपबंद करून बसलो होतो.

गेल्या वर्षी बाईंच्या एका शिष्येचा पत्ता मिळवला आणि सारे लिहून कळवले : फीत, प्रत, कोरी चिठ्ठी, दादरचा कार्यक्रम, काकांनी सांगितलेला शब्द. रचना कोणाची हे जाहीर करावे की नाही, ते तुम्ही ठरवा, असेही लिहिले.

उत्तर आठ ओळींचे आले. त्यात दोषारोप नव्हता. बाईंना ते मुद्रण फिरते आहे हे ठाऊक होते, असे तिने लिहिले होते. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर कोणाच्या घरी यंत्र लावू देईनाशा झाल्या. बंदिश त्यांनी पुढे पूर्ण केली आणि शिष्येला शिकवली. त्या पूर्ण रूपात अंतऱ्याची ती ओळच बदललेली आहे आणि मुद्रा नाही. ती बाईंनी स्वतःच काढून टाकली. म्हणून नावाचा आग्रह आपणही धरणार नाही.

म्हणजे मी सोळा-सतरा वर्षे जिवापाड जपलेला शब्द त्या बंदिशीत आता राहिलेलाच नाही. एका परीने हायसे वाटायला हवे होते : नाव पुसले जावे हीच त्यांचीही इच्छा होती, असे म्हणून सुटता आले असते. पण स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने काढून घेणे आणि ते दुसऱ्याने पुसून टाकणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे कळण्याइतके वय आता झाले आहे. आणि 'यंत्र लावू देईनाशा झाल्या' या चार शब्दांत किती न मुद्रित झालेल्या रात्री गेल्या असतील, याचा हिशेब माझ्याच नावावर लागतो.

नवी ओळ काय आहे, हे शिष्येने लिहिलेले नाही. मीही विचारलेले नाही.