शेजाऱ्यासाठी मागितलेल्या भाकरी



लूककृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात प्रभू येशू एका माणसाची गोष्ट सांगतात. तो मध्यरात्री मित्राचे दार ठोठावतो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ही गोष्ट चिकाटीच्या प्रार्थनेसाठी सांगतो. पण त्या भाकरी त्याला स्वतःसाठी नको होत्या, दारी आलेल्या पाहुण्यासाठी हव्या होत्या. यंदा आमच्या बेळगावच्या धर्मग्रामात याच गोष्टीवर आम्हांला पुन्हा विचार करावा लागला.

आमच्यातील एका तरुण जोडप्याचे बाळ चार महिन्यांचे होते. आजारपणात आईचे दूध आटले आणि बाळाला डब्याचे दूध सुरू झाले. मग उलट्या, अंगभर पुरळ आणि एके दिवशी शीमध्ये रक्त. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की ही गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे. दूध न पचणे वेगळे आणि ही ॲलर्जी वेगळी. म्हणून लॅक्टोज नसलेली पावडरही चालणार नव्हती.

"शेळीचं दूध हलकं असतं, माझी पोरं त्याच्यावरच वाढली," असे आजी म्हणाल्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण शेळी आणि म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांसारखीच असतात, त्यामुळे बाळाला तोच त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पावडरीत या प्रथिनांचे आधीच अगदी बारीक तुकडे केलेले असतात. चव कडवट आणि वासही उग्र, त्यामुळे बाळ पहिले दोन दिवस तोंड फिरवत होते. पण पंधरवड्यात रक्त थांबले आणि लेकरू शांत झोपू लागले.

अडचण पुढेच होती. हा डबा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दुकानदार चिठ्ठी पाहून मागवतो, कधी दोन दिवसांत येतो, कधी आठवडा जातो. एका दुकानात "हाच घ्या, सारखाच आहे" म्हणून दुसराच डबा पुढे केला गेला. किंमत साध्या पावडरीच्या काही पट. 400 ग्रॅमचा डबा त्या वयाच्या बाळाला जेमतेम तीन-चार दिवस पुरतो. म्हणजे महिन्याला आठ ते दहा डबे. वडील टेम्पो चालवतात.

बाळाचे वजन वाढेना, तेव्हा आईने आमच्यातील एका बहिणीला हळूच सांगितले, "काकू, डबा पुरावा म्हणून मी चमचे कमी टाकते." कोणाकडे मागायची तिला लाज वाटत होती. पातळ केलेल्या दुधाने पोट भरल्यासारखे वाटते, पण बाळाचे पोषण होत नाही. डॉक्टरांनीही तिला हेच प्रेमाने समजावले.

कंपनीकडे मोफत नमुने मागावेत, असे कोणीतरी सुचवले. परंतु 1992 च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या दुधाची जाहिरात करायला आणि नमुने वाटायला बंदी आहे. आईच्या दुधाचे रक्षण व्हावे म्हणून तो कायदा आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा दार ठोठवायचे ते आपल्याच माणसांचे.

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही कुटुंबाचे नाव न घेता गरज सांगितली. दहा घरांनी महिन्याला एकेक डबा वाटून घेतला. दोन विधवा बहिणींनी मिळून एक घेतला. कामानिमित्त पुण्याला जाणारा एक तरुण चिठ्ठीचा फोटो दुकानात दाखवून डबे आणतो. आम्ही बिल, मुदतीची तारीख आणि सीलबंद झाकण तपासतो. उघडलेला डबा कोणाचाही घेत नाही.

प्रियजनहो, आम्ही या बाळासाठी रोज प्रार्थना करतो. पण प्रार्थनेने डॉक्टरांची चिठ्ठी बाजूला ठेवता येत नाही आणि चिठ्ठी मिळाली म्हणून प्रार्थना संपत नाही. मागणे ही नम्रता आहे, भीक नव्हे. दुसऱ्यासाठी मागायला आपल्याला लाज वाटत नाही, मग आपल्यासाठी कोणी मागितले तर ते स्वीकारायला का वाटावी? हे त्या आईला आता पटले आहे. मोजून चमचे पडतात, वजन वाढते आहे. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वय वाढते तशी जाते. तोपर्यंत दुधाचा पदार्थ घरी परस्पर देऊन पाहायचा नाही, तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तुमच्या धर्मग्रामातही असे एखादे घर असेल. ते स्वतःहून बोलणार नाही. विचारायला तुम्हीच जा.

हे प्रभू, तुझ्या लहानग्यांना त्यांचे रोजचे अन्न दे, आणि रात्री दार ठोठावले गेले तर उठून ते उघडायची बुद्धी आम्हांला दे. आमेन.