शरीराचा ताळेबंद

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली होती. जळगावचा पारा 44 अंशांवर. सौभाग्यवतींचे वर्षीतप पूर्णत्वास येत होते. बियासण्याच्या दिवशीही त्या पाणी मोजकेच घेत आणि मी त्यांच्या निग्रहाचे कौतुक करीत असे.

एका उपवासाच्या दुपारी त्या भोवळ येऊन पडल्या. रुग्णालयात सलाईन लागले. मी त्याला ‘ताकदीची बाटली’ म्हणताच डॉक्टर म्हणाले, “500 मिलिलिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, इतकेच!” परिचारिका दिलेले द्रव आणि लघवी यांची नोंद ठेवीत होती, घामाचा खर्च मात्र मोजताच येत नव्हता. शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, “पच्चक्खाण मोडले का हो?” मी निरुत्तर झालो.

बँकेत जन्मभर ताळेबंद तपासले; घरातली तूट दिसली नाही. यंदा बियासण्याला उकाळलेल्या पाण्याचा तांब्या मीच त्यांच्यापुढे ठेवतो. तीही तपाची अनुमोदनाच.