कट्ट्यावरची आजी, दोरावरची नात

दादर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रानडे रस्त्याने चालू लागले, की बाजाराचा गजबजाट हळूहळू मागे पडतो, समुद्राकडचा वारा अंगाला लागतो आणि शिवाजी पार्कचे मैदान समोर उघडते. सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्या भोवतीचा बसका कट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. ज्येष्ठांनी सावकाश एक फेरी घातली तर वीस-पंचवीस मिनिटांचे चालणे सहज होते. याच मैदानावर नाना-नानी पार्क आहे आणि श्री समर्थ व्यायाम मंदिरही आहे. आयुष्याची दोन टोके एकाच मातीवर रोज संध्याकाळी जमतात, हे या जागेचे मला वाटणारे खरे वैभव.

या मातीचे मल्लखांबाशी जुने नाते आहे. कुस्तीगीराने प्रतिस्पर्ध्याऐवजी खांबाशी झुंजून अंग कसावे, हा या व्यायामाचा मूळ हेतू. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवसंजीवनी दिली. जिम्नॅस्टिक्समध्ये लागणारे लवचीकपण, तोल आणि पकड हे सारे यात आहेच. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच मैदानावर झाली आणि येथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे येणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एक काकू आहेत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, त्या तळहातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. धास्ती मात्र जुळून बसली ती उठेना. त्यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. अशात आठवीतल्या नातीने दोराचा मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकण्याचा हट्ट धरला. काकू मला म्हणाल्या, “डॉक्टर, तेरा वर्षांची घोडी झाली, आता कसल्या कोलांटउड्या? ही कामं पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू करायची असतात. पडली तर माझ्यासारखं होईल. तुम्हीच तिला नाही म्हणून सांगा.”

मी नातीला तपासले आणि ‘नाही’ म्हणण्याजोगे काही आढळले नाही. मग काकूंनाच म्हटले, “आधी तिथे जाऊन पाहू या.” एका संध्याकाळी आम्ही तिघे मैदानावर गेलो.

तिथे पाहिलेले सांगतो. नवख्या मुलीला पहिल्या दिवशी कोणी खांबावर चढवत नाही. आधी धावणे, सूर्यनमस्कार, सांधे मोकळे करणे. मग गादीवर पुढची कोलांटी, मागची कोलांटी. त्यानंतर शिकवले जाते ते पडणे. पडताना कोपर ताठ ठेवून हात टेकायचा नाही, गुडघे आणि कोपरे सैल ठेवायची, हनुवटी छातीशी घ्यायची आणि गादीवर गोल घरंगळायचे. काकू हे टक लावून पाहत होत्या. “ताठ हातावरच पडले होते मी,” त्या हळूच म्हणाल्या.

दोराची पाळी त्यानंतर आली. जाड सुती दोर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात धरायचा. आठ वर्षांची पोरे माकडासारखी वर जात होती आणि आमची उंच, लांब हातापायांची नात हातभर वर जाऊन खाली येत होती. एक चिमुरडी तिला म्हणाली, “ताई, आधी पाय, मग हात.” नात लाजली, पण पुन्हा चढली.

तेराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर का? पदकांच्या हिशेबाने होय. रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली दीपा कर्माकर सहाव्या वर्षी सरावाला लागली होती. पण शरीराच्या हिशेबाने हेच वय मोलाचे आहे. प्रौढपणी हाडांत जेवढी खनिजे असतात, त्यांतील सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांत साठतो. उड्या मारणे, लोंबकळणे, हातांवर भार घेणे यांनी हा साठा वाढतो. काकूंच्या वयात हाडे ठिसूळ होतात. त्याविरुद्धची पुंजी नातीच्या वयात जमवायची असते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम सुचवते आणि आठवड्यातून किमान ३ दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा.

उंची खुंटण्याची भीती अनेक घरांत असते. ठेंगण्या मुलांना हा खेळ सोपा जातो म्हणून ती त्यात टिकतात. खेळाने ती ठेंगणी होत नाहीत. मात्र पोटभर जेवण हवे. दूध, नाचणी, डाळी, उसळी यांत काटकसर नको आणि ‘वजन कमी कर’ असा धोशा तर मुळीच नको.

कुमारवयाच्या काही अडचणी मात्र खऱ्या आहेत. हाडे भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात. त्यामुळे अंग काही काळ ताठर वाटते. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा नाजूक असते. म्हणून घरातील मोठ्यांनी पुढील गोष्टींवर नजर ठेवावी: तळहातावर भार देताना मनगट दुखणे, पाठ मागे वाकवताना कंबर दुखणे आणि ते दोन आठवड्यांत न थांबणे, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखून लंगडणे, सुरू झालेली पाळी तीन महिने न येणे. यांपैकी काही दिसले तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदना दाबून सराव करणे ही बहादुरी नव्हे.

वर्ग निवडतानाही विचारावे: खाली जाड गाद्या आहेत का? नवख्या मुलाजवळ प्रशिक्षक स्वतः उभा राहतो का? थकले तर थांबण्याची मुभा आहे का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही.

नातीला सोडण्या-आणण्याचे काम काकूंनी आपल्याकडे घेतले, कारण आई-वडील दोघेही नोकरीवर. पहिले काही दिवस त्या कट्ट्यावर बसून राहिल्या. मग समवयस्क बायका भेटल्या, नाना-नानी पार्कात गप्पा सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत त्या काठी घेऊन कट्ट्याची अर्धी फेरी घालू लागल्या. नात अजून दोराच्या टोकापर्यंत पोहोचलेली नाही. मनगट मोडल्यानंतर घरात अडकलेली तिची आजी मात्र रोज मैदानापर्यंत पोहोचते आहे.

ज्येष्ठांनी कोलांट्या मारू नयेत, हे सांगायला नकोच. पण तोलाचा सराव त्यांनाही हवा. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तो करावा. जड, न हलणाऱ्या खुर्चीची पाठ धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. चक्कर येत असेल किंवा नुकतेच हाड मोडले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि सुरुवातीला कोणीतरी शेजारी असावे.

आपल्या घरातील एखादे तेरा-चौदा वर्षांचे मूल असे काही शिकायचे म्हणाले, तर ‘आता वय गेले’ हे शब्द जरा मागे ठेवा. त्याच्याबरोबर मैदानापर्यंत चालत जा. त्या चालण्याने दोघांचीही हाडे बळकट होतील.