आज्जी काय म्हणाली

कॅसेटचं झाकण उघडलं तर फितीवर पांढरी बुरशी, आणि नाकात माळ्यावरच्या ओल्या पोत्यांचा वास. ताईच्या लग्नाची कॅसेट, १९९६ची. नांदेडला एका दुकानात ती साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून आणली, तर भाचा म्हणाला, "मावशी, आता एडिट कर की." कशात करायचं, यावर मग घरात पंचायत बसली.

भाच्याचं मत मोबाइलवरच्या काइनमास्टरला. फुकटात वापरलं की कोपऱ्यात त्याचं नाव छापून येतं, तरी त्याला चालतं. लग्नाच्या धंद्यातले लोक एडियसची शपथ घेतात. डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण माझा जुना लॅपटॉप त्याच्यापुढे मान टाकतो. माझा जीव खरं तर विंडोज मूव्ही मेकरवर. चित्राची एकच पट्टी, खाली गाण्याची एक, डोक्याला ताप नाही. मायक्रोसॉफ्टनं ते जानेवारी २०१७मध्ये बंद करून टाकलं. शेवटी शॉटकट घेतलं. व्हीएचएसची फीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं दाखवते, एकदा विषम ओळी, एकदा सम. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम आल्या की हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. ते शॉटकटमध्ये मिटवता येतात, शिवाय आवाज चित्रापासून सोडवून वेगळा घेता येतो. मला आवाजाचंच काम होतं.

मांडवाच्या दाराशी केळीचे खांब, आमच्याच मळ्यातले, घडासकट. त्यांना टेकून आज्जी उभी. हॅलोजनचा झोत तोंडावर येतो तशी ती पदर आडवा धरते. मग पदर सोडते, कॅमेऱ्याकडे बोट करते आणि चांगलं लांबलचक काहीतरी बोलते. वर 'हम आपके हैं कौन'मधलं गाणं. आई म्हणते, लाइट धरणाऱ्या पोराला विचारतेय, जेवलास का रे बाबा. अण्णा म्हणतात, शिव्या देतेय. अण्णा तिचे चिरंजीव, त्यांचंच खरं असेल.

एआयनं गाणं बाजूला काढता येतं, हे भाच्याचं पालुपद. येतं, पण खाली बोलणं शिल्लक असेल तर. साध्या व्हीएचएसवर आवाजाची पट्टी फितीच्या कडेनं वेगळी धावते. चित्राला धक्का न लावता ती पुसून तिच्यावर गाणं भरता येतं. आमच्या शूटिंगवाल्यानं हेच केलं. याला तो 'मिक्सिंग' म्हणायचा आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचा. अजून तो बाजारात दिसला की मी रस्ता बदलते.

इथं मला उगाच सरस्वतीबाई फाळके आठवतात. दादासाहेबांनी १९१२मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि कुंडीतला वाटाणा रुजताना टिपला. घरगुती फिल्मच ती. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायची सरस्वतीबाईंनी, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच करायचा. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता, कारण इलाज नव्हता. आम्ही होता तो आवाज पैसे मोजून घालवला.

कॅसेटच्या शेवटाला मात्र शूटिंगवाला कंटाळला असावा. गाणं मध्येच तुटतं आणि उघडा आहेर सुरू होतो. जनरेटरची घरघर. माईकवर गुरुजी वाचतायत: मालेगावचे पाहुणे, ५१ रुपये, भोकरचे मामा, पातेलं आणि ताट. मागं पंगतीत कुणीतरी "वरण फिरवा, वरण!" गुरुजी कुणाचा तरी आकडा चुकवतात, तर तो गर्दीतूनच ओरडतो, "शंभर हायेत गुरुजी, शंभर!" लोक हसतात. पोळ्या लाटताना मी हल्ली हेच लावून ठेवते. यातले निम्मे लोक कोण, मला ठाऊकही नाही.

"एवढं कोण ऐकणार? काप ना," भाचा म्हणाला. त्याला हवी तशी तीन मिनिटांची वेगळी करून दिली, गाण्यासकट. आहेर अख्खा ठेवलाय. अण्णा वही घेऊन तो ऐकत बसतात, कुणाचा फेडायचा राहिला ते टिपून घेतात. मालेगावच्यांचे ५१ राहिलेत म्हणे.