खोडरबर नसलेली वही

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, कारण सध्या मी नातवाकडे नोकरीला आहे. बिनपगारी, अर्थात!

त्याने जुन्या फाँटमधलं मराठी युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत; फाँट गेला की उरते नुसती चिन्हांची खिचडी. आमच्या शाळेचे वार्षिक अंक असेच टाइप झालेत. त्यांत माझ्या दोन दिवंगत सहकाऱ्यांचे लेख आहेत, ते दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हा हा प्रोग्राम आणि तो कसा वापरायचा हे सांगणारी साइट, दोन्ही टिकायला हवीत. साइटची पानं मराठीत लिहिणं माझ्याकडे.

साइट 'स्टॅटिक' आहे. म्हणजे ऑर्डर दिल्यावर तळायला घेतलेली भजी नव्हे, डब्यात भरून ठेवलेल्या चकल्या. कुणी पान मागितलं की तयार फाइल द्यायची, बस्स. मागे डेटाबेस नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही फार नाही. ती ठेवलीय गिटहब पेजेसवर. ही सोय २००८ पासून आहे आणि असल्या उघड्या प्रकल्पांना फुकट मिळते.

मला खरी मोहिनी घातली ती गिटने. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिहिलं, कारण लिनक्सवाले जे साधन फुकट वापरत होते त्याची परवानगी काढून घेतली गेली. (गरज पडली की माणूस लिहितो, हे आम्हा मास्तरांना वेगळं सांगायला नको.) मी वाक्य सुधारलं की 'कमिट' करायचं, म्हणजे नाव, तारीख आणि काय बदललं त्याची एक ओळ. मग 'पुश'. थोड्याच वेळात साइटवर नवं पान दिसतं, आणि जुनंही पुसलं जात नाही! नातू त्या ओळी इंग्रजीत लिहितो, मी मराठीतच लिहितो: 'दुसऱ्या परिच्छेदातलं शुद्धलेखन'. गिटची काही तक्रार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. अडल्यानडल्याला विचारायला एका गुरुजींचा मोबाइल नंबर पानावर द्यावा, असं मी सुचवलं. नातू म्हणाला, "आजोबा, नंतर पानावरून काढला तरी इतिहासात राहील, कुणालाही दिसेल." पटलं. नंबर दिला नाही.

गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. उद्या त्यांनी ही सोय बंद केली तर? तर सगळा इतिहास नातवाच्या, माझ्या आणि त्या गुरुजींच्याही संगणकावर जसाच्या तसा आहे. तो उचलून दुसरीकडे मांडता येईल. रात्री मी जरा स्वस्थ झोपतो ते त्यामुळे.

असो. ऱ्हस्व वेलांटी आता जागेवर बसते. जुन्या फाँटात ती अक्षराआधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये अक्षरानंतर येते. रफार अजून भलत्याच अक्षरावर जातोय. तो सुटला की पहिला लेख वाचायला घेईन.