ओवी, पंखा आणि माइक

“हे काय गं धरलंस माझ्या तोंडापुढे?” सासूबाई बिचकल्याच.

“माइक आहे, आई. तुम्ही फक्त म्हणा.”

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे घर. सासूबाईंचं माहेर वाईजवळच्या खेड्यातलं. १९६३ साली लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या, तेव्हा जातं तिकडेच राहिलं; ओव्या तेवढ्या बरोबर आल्या. आता वय ८१. गेल्या दिवाळीपासून त्यांना नावं आठवेनाशी झाली होती. आधी शेजाऱ्यांची, मग नातवंडांची. ओव्या मात्र अजून ओठांवर होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्याचं सुनेने कुठेतरी वाचलं होतं. आपल्या घरातल्या पन्नास-साठ तरी जपाव्यात, एवढीच तिची इच्छा.

म्हणून तिने घरखर्चातून वाचवलेले साडेपाच हजार रुपये घालून कंडेन्सर माइक आणला. वायर थेट संगणकाला लावायची, की काम सुरू. “अगदी स्टुडिओसारखा आवाज येईल,” असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं.

रविवारी सकाळी सासूबाई मधल्या खोलीत पलंगावर बसल्या आणि चाळीस मिनिटं म्हणत राहिल्या. मध्येच एक ओवी अशी आली, की घरात कुणी ती कधी ऐकली नव्हती. लहानपणी गेलेल्या भावाची. एकदाच म्हटली, पदराने डोळे टिपले आणि पुढच्या ओवीला लागल्या.

संध्याकाळी सगळे कौतुकाने ऐकायला बसले. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, रिक्षांचे भोंगे, बांगड्यांची किणकिण आणि या सगळ्यामागे, विहिरीतून यावा तसा सासूबाईंचा आवाज. भावाच्या ओवीची पहिली ओळ कशीबशी कळली. दुसऱ्या ओळीवर कुकरची शिट्टी!

“आई, ती परत म्हणा ना. भावाची.”

“कोणती? भावाच्या तर सगळ्याच असतात.” सासूबाई कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या.

सुनेने सगळा राग माइकवर काढला. तो परत करून अठरा हजारांचा घ्यायचा, इथपर्यंत तिची तयारी झाली. असं बऱ्याच घरांत होतं. आवाज बिघडला की माणूस आधी दुकानाकडे धावतो. सुदैवाने त्याच आठवड्यात भाचा आला. गणेशोत्सवात मंडळांचे स्पीकर सांभाळणारा मुलगा.

“मामी, माइक बिघडलेला नाही. तो चांगलाच आहे, म्हणून तर तुमचं सगळं घर त्याला ऐकू आलं!”

कंडेन्सर माइक नाजूक आवाजही टिपतो, हाच त्याचा गुण आणि घरात हाच त्याचा ताप. भाच्याने आपल्या पिशवीतला डायनॅमिक माइक काढला. १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ ज्या जातीचा, त्याच जातीचा. हा तोंडाजवळचंच प्रामुख्याने घेतो, दूरचा गोंगाट फारसा मनावर घेत नाही. पण सासूबाईंचा आवाज आता बारीक झालेला. तो पुरेसा मोठा करायला भाच्याच्या स्वस्त इंटरफेसची कळ शेवटपर्यंत फिरवावी लागली आणि मागे ‘स्स्स’ असा सूर सुरू झाला. तो माइक पिशवीत परत गेला.

मग त्याने मोबाइलवर आवाज मोजायचं एक फुकटचं ॲप उघडलं. पलंगाजवळ, पंखा आणि फ्रिज चालू असताना ५२ डेसिबल. दोन्ही बंद केल्यावर ३६. हातभर अंतरावरून सासूबाईंचा आवाज ५८. म्हणजे पंखा आणि ओवी यांत फरक फक्त सहाचा! अंतर निम्मं केलं, की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. हाताच्या निम्मी वीत. वीतभर अंतरावर आकडा ६४ वर गेला. पंखा बंद आणि माइक वीतभर जवळ, एवढ्यानेच सहाचा फरक अठ्ठावीसवर आला, आणि खर्च शून्य.

मोबाइलचे हे आकडे प्रयोगशाळेतले नव्हेत. पण तागडीत पासंग असला तरी दोन पुड्यांतली जड कोणती ते कळतंच. त्याच मोबाइलने, त्याच जागी मोजलं म्हणजे घरच्या कामाला पुरतं.

बंगळूरहून मुलाने फोनवर वेगळाच सल्ला दिला. “आई, खास मोजणीचा माइक घे. मिनीडीएसपीचा युमिक-१ मिळतो आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.” बारीक दांडीसारखा हा माइक प्रत्येक नगाच्या तपासणीच्या आकड्यांसह येतो. खोलीत कोणता सूर फुगतो, कोणता दबतो, हे त्याने आलेखावर दिसतं. स्पीकर बसवायचे असतील, तर उत्तमच. पण तो चहूबाजूंचं सारखंच ऐकतो. त्यावर ओव्या घेणं म्हणजे थर्मामीटरने आमटी ढवळणं! सुनेने हा खर्च टाळला, ते बरंच झालं.

आता राहिला विहिरीतला आवाज. भाच्याने मधल्या खोलीत टाळी वाजवली. ती भिंतीभिंतींवरून खणखणली. सासूबाईंच्या निजायच्या खोलीत गादी, पडदे, साड्यांचं कपाट; तिथे टाळी तिथल्या तिथे विरली. तरी सासूबाईंच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टांगल्या. त्यांचा माइक समोरचं घेतो, पाठीमागचं कमी. साहजिकच त्याच्या समोर गाणारी असते आणि तिच्या मागची भिंत. माइकच्या मागे गाद्या लावत बसणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

माइक तोंडासमोर न ठेवता गालाच्या बाजूला जरा तिरका ठेवला. नाहीतर ‘भाऊ’मधला प्रत्येक ‘भ’ माइकवर धप्पकन आदळत होता. संगणकावर ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर. त्यातला काटा मोठ्या आवाजालाही उणे बाराच्या आसपास राहील, असं पाहिलं. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला पूर्ववत होत नाही.

शेवटची अडचण बांगड्यांची. ओवी म्हणताना सासूबाईंचा उजवा हात नकळत जात्यासारखा गोल फिरे.

“बांगड्या जरा काढून ठेवता का, आई?”

“काढू? अगं, तुझे सासरे आत जिवंत घोरताहेत!”

मग मनगटाला मऊ रुमाल गुंडाळला. घोरणाऱ्या सासऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. “ते चारला उठून फिरायला जातात. आणि ओव्या पहाटेच्याच असतात गं. दहा वाजता कोण दळतं?”

पहाटे सव्वाचारला मोबाइलने ३० डेसिबल दाखवले.

अकरा पहाटा चाललं हे काम. त्रेपन्न ओव्या झाल्या, स्वच्छ. दोन ओळींमधला श्वाससुद्धा ऐकू येतो. भावाची ती ओवी मात्र आली नाही. सुनेने रविवारच्या मुद्रणावर ऑडॅसिटीतली गोंगाट कमी करायची सोय वापरून पाहिली. नुसत्या पंख्याचा तुकडा नमुना म्हणून दिला, की तो सगळीकडून पुष्कळसा वजा होतो. पंखा गेला. जास्त पुसायला गेली तर सासूबाईंचा आवाज पत्र्यासारखा होऊ लागला, म्हणून तिने हात आवरला. शिट्टी जागच्या जागी राहिली. तिची मूळ प्रतही तिने तशीच जपली आहे.

एका दुपारी तिने सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावले. पहिली ओळ झाली. सासूबाईंचा हात गोल फिरू लागला. मग थांबला.

“ही तिसरी शिट्टी,” त्या म्हणाल्या. “गॅस बंद केला होतास ना गं?”